तुम्ही विचारलंत म्हणून: हिमनदी पांढरी नसते

मे महिन्याच्या सुट्टीत मी हिमालयातल्या मिलम हिमनदीला जाऊन आले, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून मंडईत, लग्नाच्या पंगतीत, पालकसभा संपल्यावर एकच प्रश्न येतो. "बाई, आपल्याकडे कास आहे, कोयनेचं खोरं आहे, वासोटा आहे. मग एवढी दगदग करून तिकडं काय पाहिलंत?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो, पण मेथीची जुडी हातात धरून उत्तर देता येत नाही. म्हणून लिहून काढते.

मी साताऱ्यात २६ वर्षं भूगोल शिकवते आहे. हिमनदीचा धडा आला की फळ्यावर दोन डोंगर काढायचे, मधून खडू आडवा धरून पांढरीशुभ्र नदी ओढायची, टोकाला बाण. 'हिमोढ' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारायच्या, कारण तो परीक्षेला हमखास येतो. हिमनदीनं वाहून आणलेले दगडगोटे, वाळू, माती म्हणजे हिमोढ. व्याख्या मुलांना पाठ आणि मलाही पाठ. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. ज्वालामुखी शिकवताना मी खिडकीतून यवतेश्वराच्या कड्याकडे बोट दाखवते, एकावर एक बसलेले थर मुलांना तिथंच दिसतात. हिमनदीच्या तासाला मात्र खिडकीबाहेर दाखवावं असं काहीच नसतं. जे स्वतः कधी पाहिलं नाही ते इतक्या ठामपणे शिकवायचं, हे मला वर्षानुवर्षं टोचत होतं. निवृत्तीआधी एकदा तरी पाहायचंच, असं ठरवलं होतं.

मिलम उत्तराखंडात, पिथौरागढ जिल्ह्यात आहे. खोऱ्याचं नाव जोहार. आपल्याकडे जोहार म्हणजे नमस्कार, त्यामुळे नकाशात ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हाच जवळचं वाटलं होतं. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, पुढे काठगोदाम, तिथून जीपनं दोन दिवस वळणं घेत मुनस्यारी. सीमाभाग असल्यामुळे पुढच्या वाटेचा परवाना मुनस्यारीत काढावा लागतो. मग गोरी गंगेच्या काठानं वर चालायचं, जाताना ५० किलोमीटरहून जास्त आणि येताना तेवढंच. मिलमपर्यंत गाडीरस्ता करायचं काम बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा चाल कमी झालेली असू शकते.

सुरुवातीचे दोन दिवस खोरं अरुंद होतं. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली नदीचा एवढा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. पाणी राखाडी-पांढुरकं. दगडावर दगड घासून जे पीठ होतं, ते हिमनदी पाण्यात सोडते, त्याचा हा रंग. गोरी हे नाव तिला शोभतं. हिवाळ्यात कड्यांवरून घसरलेला बर्फ मे महिन्यातही नदीवर पुलासारखा पडलेला होता आणि वाट त्याच्यावरून होती. आमचा वाटाड्या आधी काठी ठोकून आवाज ऐकायचा. पोकळ आवाज आला की बाजूला व्हायचं.

वाटेतल्या रिलकोट गावाच्या पुढे खोरं अचानक उघडलं. 'व्ही' आकाराची दरी नदी कोरते आणि 'यू' आकाराची हिमनदी, हे मी किती वेळा लिहून दिलंय. इथं चालता चालता एका दरीतून दुसरीत आले. तळ परातीसारखा रुंद, वर सगळीकडे बर्फाचे डोंगर. कधीकाळी हिमनदी इथपर्यंत खाली आलेली होती, तिनंच हे खोरं खरवडून रुंद केलंय. मी तिथं किती वेळ उभी होते ते आठवत नाही. सोबतचे पुढे गेले होते आणि कुणीतरी शीळ घालून बोलावलं, एवढं आठवतं.

इथून पुढची गावं म्हणजे मर्तोली, बुर्फू, बिल्जू आणि शेवटी मिलम. दगडी भिंती, कोरीव लाकडी चौकटी, आणि बहुतेक घरांची छपरं कोसळलेली. इथले शौका लोक पिढ्यान् पिढ्या तिबेटशी व्यापार करत. इकडून धान्य, गूळ, कापड जायचं आणि तिकडून मीठ, लोकर, सवागी म्हणजे टाकणखार. ओझं वाहायला मेंढ्या-बकऱ्या, प्रत्येकीच्या पाठीवर दोन छोट्या पिशव्या. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर यायचं, तशीच ही वाट, फक्त खिंडी पाच हजार मीटरच्या वरच्या. १९६२च्या युद्धानं ती बंद झाली. व्यापार बुडाला तशी माणसं खाली उतरली, शहरांत गेली. आता काही कुटुंबं उन्हाळ्यात वर येतात, बटाटा, जंबू (फोडणीला घालतात ती तिकडची वनस्पती) वगैरे लावतात आणि थंडी सुरू झाली की परत उतरतात.

बुर्फूत एक आजी घर उघडत होत्या. कुलूप गंजलेलं. त्यांनी आधी त्यात खोबरेल सोडलं, थोडं थांबल्या, मग किल्ली फिरवली. दार आत ढकलल्यावर लगेच आत गेल्या नाहीत, उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मला एकदम आमचं जावळीतलं घर आठवलं. माथाडीत, गिरणीत काम करायला मुंबईला गेलेली आमची भावकी यात्रेला येते तेव्हा अगदी असंच दार उघडते. आजींनी आम्हाला बसवलं आणि मीठ-लोणी घातलेला चहा दिला. मी पिशवीतून कंदी पेढे काढले. त्यांनी एक खाल्ला, दुसरा पदराच्या टोकाला बांधला. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

आता मिलमचं सांगते. हे नैन सिंह रावतांचं गाव. जन्म १८३०, आणि ते इथल्या शाळेत मास्तर होते. इंग्रजांना तिबेटचा नकाशा हवा होता आणि तिथं गोऱ्यांना बंदी होती, म्हणून या मास्तरांना यात्रेकरूच्या वेशात धाडलं. सारखं पाऊल टाकायचा सराव त्यांनी करून घेतला होता. हातात माळ, पण मणी १०८ नाहीत, १००. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. मोजमापं लपवायला हातात फिरवायचं पोकळ प्रार्थनाचक्र. उकळत्या पाण्याच्या तापमानावरून ते उंची काढत. असं चालत १८६६मध्ये ते ल्हासाला पोहोचले. १८७७मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. ज्या गावच्या शाळामास्तरानं आशियाचा नकाशा पावलांनी मोजला, त्या गावात एक भूगोलाची शिक्षिका उभी आहे, या विचारानं मला तिथं भरून आलं. आपल्या मुलांना हे नाव माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मिलम साधारण ३,४०० मीटरवर आहे. कास १,२०० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन कास एकावर एक. तिथून सकाळी लवकर निघून आम्ही हिमनदीच्या मुखाकडे, म्हणजे बर्फ संपून नदी सुरू होते तिकडे, गेलो. खोऱ्याच्या डोक्यावर हरदेवल आणि त्रिशुली ही शिखरं उभी. मी पांढरं काहीतरी शोधत होते. समोर दिसत होता दगडमातीचा भलामोठा राखाडी ढीग, खाणीबाहेर टाकलेल्या राडारोड्यासारखा. मी वाटाड्याला विचारलं, हिमनदी कुठाय? तो म्हणाला, तुम्ही तिच्याकडेच बघताय.

सुमारे १६ किलोमीटर लांबीची ती हिमनदी खालच्या भागात सबंध दगडांनी झाकलेली आहे. ज्या हिमोढाखाली मी दोन रेघा मारत आले, तो काठाला आणि टोकालाच नसतो, तिच्या अंगावर असतो. हा थर पातळ असला तर उन्हानं तापून बर्फ लवकर वितळतो, जाड असला तर उलट गोधडीसारखा बर्फ राखतो. मुखाशी एक उभा कडा होता, तिथं तेवढा बर्फ उघडा पडलेला. जवळ जाऊ देत नाहीत, वरून दगड सुटतात. पण बाजूला निखळून पडलेल्या एका तुकड्याला मी हात लावला. वरून चिखल, आतून काचेसारखा निळसर, त्यात मोहरीएवढे हवेचे बुडबुडे. तळहाताच्या ऊबेनं एक बुडबुडा फुटला, 'टच्' असा बारीक आवाज आला. त्यात अडकलेली हवा किती जुनी, देव जाणे. दर दोन-चार मिनिटांनी कड्यावरून खडे घरंगळत आणि पाण्यात पडत. कड्याखालून गोरी बाहेर पडत होती, जन्मतःच गढूळ. दीडशेहून जास्त वर्षांच्या नोंदी सांगतात की हे मुख मागे मागे चाललंय. नैन सिंह लहानपणी इथं आले असतील, तर ते बर्फापाशी गावाच्या आणखी जवळ थांबले असणार.

तर मी हे पाहिलं. आणि "आम्हाला झेपेल का" असं जे पुढचं विचारतात, त्यांना सांगते: मी ५४ वर्षांची असताना गेले. चार महिने रोज पहाटे अजिंक्यतारा, रविवारी पाठीवर पाच किलो घेऊन जरंडेश्वर. चढ जमतो, खरी परीक्षा विरळ हवेची. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. आमच्यातल्या एकीचं रिलकोटला डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना. वाटाड्या पुढे चला म्हणत होता, पण आम्ही एक दिवस तिथंच थांबलो आणि ती बरी झाली. उलट्या किंवा झोकांड्या सुरू झाल्या तर थांबूनही चालत नाही, खालीच उतरायचं. तिथं हट्ट करणाऱ्यांचा मला राग येतो.

जूनमध्ये शाळा उघडली. हिमनदीचा धडा आला तेव्हा मी नेहमीसारखे दोन डोंगर काढले, मधे पांढरी नदी ओढली, मग तपकिरी खडू आडवा धरून तिचा खालचा अर्धा भाग रगडून मळवला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, चांगलं चित्र होतं की, घाण का केलंत?" मी पर्समधून मिलमच्या वाटेवर उचललेला मुठीएवढा दगड काढून तिच्या हातात दिला. फिका करडा, अभ्रकानं चमकणारा, एका बाजूला घासून सपाट झालेला. आमच्या मुलांना काळा कातळच माहीत. तिनं सपाट बाजूवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि दगड मागच्या बाकावर दिला.