जागालचीत मासा घेताना

सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने अडीच-पावणेतीन तासांत बुसान. हैउंदेचा किनारा, गामचनची डोंगरावरची रंगीत घरं, सगळं पाहिलं. पण आम्ही मालवणचे. बंदराच्या गावात गेल्यावर मासळी बाजार पाहिल्याशिवाय चैन कुठली?

बुसान स्टेशनपासून मेट्रोच्या पहिल्या लाइनवर तिसरं स्टेशन जागालची, मासळी बाजाराचंही नाव तेच. मेट्रोचं कार्ड रिचार्ज करायला गेलो तर मशीनला फक्त रोखच चालत होती! नवऱ्याला एटीएमकडे पिटाळलं. गुगल मॅप पायी जायचा रस्ता दाखवेना, म्हणून नेव्हर मॅप हे कोरियन नकाशाचं ॲप उतरवून घेतलं. खरं तर वासानेच पोचलो असतो.

बाहेरच्या गल्लीत सुकी मासळी, आत तळमजल्यावर टाक्याच टाक्या, सगळं जिवंत. विकणाऱ्या बहुतेक बायकाच, रबरी बूट, हातमोजे आणि आवाज. कोरियन युद्धात बुसान बराच काळ तात्पुरती राजधानी होतं, लाखो निर्वासित इथे आले. त्यातल्या कितीतरी बायकांनी मासे विकून घर चालवलं. त्यांना 'जागालची आजुम्मा' म्हणतात. आजुम्मा म्हणजे आपल्याकडची मावशी-काकू.

मी लेपीसारखा चपटा मासा दाखवला, ग्वांगो. कॅल्क्युलेटरवर किलोचा भाव आला. मी मान हलवली, तिने आकडा थोडा उतरवला. वजनाआधी टोपलीतलं पाणी निथळू दे, असं खुणेने सांगितलं, तर ती हसली. कोळणीला गिऱ्हाईक ओळखता येतं.

पुढची गंमत माहीत असायला हवी. मासा वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात जातो आणि तिथे माणशी वेगळे पैसे पडतात, पानं, लसूण, तिखट चटणी मांडायचे. काही बोललं नाही तर कच्चाच कापून येतो, त्याला 'होए' म्हणतात. नवऱ्याचा चेहरा बघून मी 'कूइ, कूइ' म्हणाले, म्हणजे भाजून. अर्धाच भाजला, अर्धा कच्चा आला. दोन तुकडे खाल्ले. चव काही नाही, नुसता कुरकुरीत ताजेपणा.

मग डोकं आणि काटे घालून केलेलं लालभडक मेउनथांग, म्हणजे माशाचं तिखट सूप आलं. त्यात मुळा. नारळ नाही, कोकम नाही, तरी मी भात मागवला. स्टीलच्या काड्यांनी काटे निघेनात, शेवटी हातानेच खाल्लं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी एकदा पाहिलं आणि आपल्या वाटीकडे वळले.