टाइमलाइनमधली एक ओळ

‘११.१८ – इंजिनिअरिंग मॅनेजरने अडवणारी क्वेरी शोधून बंद केली. सेवा पूर्ववत.’

नोव्हेंबरात आमची सेवा बंद पडली, त्याच्या पोस्टमॉर्टेममध्ये, म्हणजे काय बिघडलं याच्या लेखी नोंदीत, ही ओळ मीच लिहिली. क्वेरी म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा. मार्चमध्ये अप्रेझलच्या बैठकीत दुसऱ्या टीमच्या मॅनेजरने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि माझ्या टीममधल्या एका मुलीचं रेटिंग एक पायरी खाली आलं. ओळीत खोटं काहीच नाही. म्हणूनच ती डोक्यातून जात नाहीये.

बारा वर्षं मी कोड लिहिला आणि गेल्या जूनमध्ये मॅनेजर झालो. का झालो, तर पगाराची पुढची पायरी तिथेच होती म्हणून. कंपनीच्या कागदांवर दोन शिड्या आहेत, एक माणसं सांभाळणाऱ्यांची आणि एक नुसत्या तंत्रज्ञांची. दुसऱ्या शिडीवर स्टाफ, प्रिन्सिपल असे भारदस्त हुद्देही आहेत. आमच्या पुण्याच्या ऑफिसात त्या शिडीवर चढलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काम काय बदललं हे घरी समजावता येत नाही. आधी संध्याकाळी सांगायला काहीतरी असायचं, अमुक बग सापडला, तमुक हळू चालत होतं ते पळायला लागलं. आता दिवसभर बोलतो. सुट्ट्या मंजूर करतो, कोणाचा लॅपटॉप अडलाय, कोण कोणाशी बोलत नाही ते बघतो, आणि वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे एकेकाशी समोरासमोर बोलताना, ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्याचं नेमकं काय बिघडलंय याचा अंदाज घेतो. पीआर, म्हणजे टीमने कोडमध्ये सुचवलेले बदल, बघायचे ते दोन मीटिंगांच्या मध्ये, लिफ्टमध्ये, मोबाइलवर. आणखी एक बदल झाला. आमच्याकडे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे, पण लातूरहून आलेली ही मुलगी मला पहिल्या दिवसापासून ‘दादा’ म्हणायची. मी मॅनेजर झाल्याचं पत्र आलं त्या सोमवारपासून ‘सर’ म्हणायला लागली. मी टोकलं, ती हसली, आणि ‘सर’ कायम राहिलं.

आमचं सॉफ्टवेअर औषधांचे स्टॉकिस्ट वापरतात. महिनाअखेरीला त्यांच्याकडे बिलांचा, परत आलेल्या मुदतबाह्य मालाचा आणि क्रेडिट नोटांचा पूर असतो. असल्या दिवसांत भर दिवसा डेटाबेसला हात लावायचा नाही हा आमचा जुना नियम. तो मी स्वतः घालून दिलेला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिलांच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा होता. पीआर तिचा. मी तो मोबाइलवर, दुसऱ्या मीटिंगमध्ये बसून, अंगठ्याने वर सरकवत पास केला. तिने विचारलं, ‘सर, रात्री टाकू का?’ मी म्हटलं, ‘एक कॉलम तर आहे, आत्ताच टाक.’

११.०७ ला सगळं थांबलं.

इथे थोडं खोलात जातो, कारण हा भाग मला आवडतो आणि आता तो माझ्या वाट्याला येत नाही. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये कॉलम वाढवणं हे क्षणाचं काम असतं. अकराव्या आवृत्तीपासून तर ठरावीक डिफॉल्ट मूल्य, म्हणजे नव्या कॉलमात आपोआप भरायचं काहीतरी, दिलं तरी सगळं टेबल नव्याने लिहावं लागत नाही. पण त्या क्षणापुरतं टेबल पूर्ण मोकळं लागतं. देवळाचा गाभारा डोळ्यांपुढे आणा. दर्शनाला चारपाच जण एकदम आत असले तरी चालतं. पुजाऱ्याला मात्र दोन सेकंद गाभारा रिकामा हवा आहे. आत एक आजोबा डोळे मिटून जप करत बसलेत. पुजारी त्यांना उठवत नाही. तो दारात उभा राहतो, आणि तो उभा आहे म्हणून मागच्या कोणालाच आत जाता येत नाही, नुसता नमस्कार करून निघायचं असलं तरीही. रांग देवळाबाहेर, रस्त्यावर, पार एसटी स्टँडपर्यंत.

आमचे आजोबा म्हणजे सपोर्टच्या एका माणसाने मुख्य डेटाबेसवर चालवलेला सहा महिन्यांचा विक्री अहवाल. अहवालांसाठी वेगळी प्रत आहे, ती वापरा, हे सपोर्टला मी किती वेळा लिहिलंय ते मोजायचं सोडून दिलंय. गंमत अशी की अशा वेळी आलेखांवर सगळं निवांत दिसतं. सर्व्हरवर भार नाही, मेमरी मोकळी, डिस्क शांत. सगळे नुसते वाट बघत असतात, आणि वाट बघायला सीपीयू लागत नाही. नवखा माणूस इथेच फसतो. नेटवर्क तपासतो, ॲपचा सर्व्हर रीस्टार्ट करतो, आणि रांग पुन्हा तेवढीच.

ती फसली नव्हती. हे मला पुढे चार महिने सांगता आलं नाही.

तोवर कॉलवर तेवीस जण जमले होते. त्यातल्या तिघांना डेटाबेस कशाशी खातात ते माहीत असेल. उरलेले दर मिनिटाला ‘ईटीए काय?’, म्हणजे कधी सुरू होणार, ते विचारायला आले होते. सेल्सचे साहेब तर गाडीतून बोलत होते, मागे भूमकर चौकातले हॉर्न. ती शांतपणे, थोडी हळूच, स्क्रीनवर एकेक क्वेरी चालवत होती. मी तिच्या मागे उभा. पोस्टग्रेसला कोण कोणाला अडवतंय हे विचारायची सोय आहे. तिने ते विचारलं, उत्तर आलं, आणि ती आकडे पुन्हा पडताळत बसली. मला ते उत्तर एका नजरेत कळलं होतं.

‘दे इकडे,’ मी म्हणालो आणि तिची चाकांची खुर्ची बाजूला सरकवली. अक्षरशः, हाताने.

उभ्याउभ्याच टाइप केलं. अहवालाचं कनेक्शन तोडलं, कॉलम वाढला, रांग भसकन सुटली. चाळीस सेकंद लागले असतील. कॉलवर अंगठ्यांचा पाऊस. साहेब म्हणाले, ‘एकदम क्लास!’ खाली टपरीवर कटिंग घेताना माझी बोटं किंचित थरथरत होती. भीतीने नाही. पाच महिन्यांनी त्यांना काम मिळालं होतं. इतकं बरं मला मॅनेजर झाल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं.

खुर्ची सरकवल्यावर मला तिच्या स्क्रीनवर दुसरा टॅब दिसला होता. त्यात आज्ञा पूर्ण लिहिलेली होती, कनेक्शनच्या नंबरासकट. फक्त एंटर मारायचं बाकी. आणि ती अहवाल मारणार नव्हती. ती आमचा कॉलम वाढवायचा आदेश रद्द करणार होती, म्हणजे आजोबांना हात न लावता पुजाऱ्याला दारातून बाजूला घेणार होती. रांग तेवढ्यानेही सुटली असती. कोणाचं काम मोडलं नसतं, आणि कॉलम रात्री टाकता आला असता. नंबर पडताळत होती कारण चुकीचं कनेक्शन तोडलं तर महिनाअखेरीला कोणाची तरी बिलं मध्येच तुटली असती. शांत डोक्याने विचारलंत तर तिचा मार्ग माझ्यापेक्षा बरा होता. मी मात्र शांत नव्हतो. मला ते मीच सोडवायचं होतं.

संध्याकाळी पोस्टमॉर्टेम लिहायला घेतलं. पद्धत अशी की त्यात कोणाला दोष द्यायचा नाही, व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही, यंत्रणेत काय कमी पडलं तेवढं लिहायचं. चांगली पद्धत आहे, मीच ती टीमला शिकवली. त्याप्रमाणे ‘मायग्रेशनला लॉक टाइमआउट लावलेला नव्हता’ असं लिहिलं. मायग्रेशन म्हणजे टेबलाच्या रचनेतला बदल, इथे तो कॉलम. टेबल मोकळं व्हायची वाट दोनच सेकंद बघायची, अशी मर्यादा घालणारी ती एक ओळ असती तर कॉलमचा आदेश स्वतःच माघारी फिरला असता आणि कोणाला काही कळलंही नसतं. ती ओळ नसलेला पीआर कोणी पास केला, भर दिवसा टाकायला कोणी सांगितलं, ते लिहिलं नाही. पद्धतीत बसत नाही. क्वेरी कोणी बंद केली ते मात्र लिहिलं, कारण घटनाक्रम पूर्ण हवा. म्हणजे दोष निनावी राहिला आणि श्रेय हुद्द्यासकट नोंदलं गेलं. दुसऱ्या टॅबचं काय? न घडलेली गोष्ट टाइमलाइनमध्ये येत नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पटल्यासारखंही वाटलं.

मग मार्च. आठ मॅनेजर, एक डायरेक्टर, एचआरची एक बाई आणि पडद्यावर एक तक्ता. जीई या अमेरिकी कंपनीचा प्रमुख जॅक वेल्च याने ऐंशीच्या दशकात तिथे माणसांची २०-७०-१० अशी वाटणी, म्हणजे वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा, रूढ केली. मायक्रोसॉफ्टने असली क्रमवारी २०१३ साली बंद केली. आमच्याकडेही ती नाही म्हणे. आमच्याकडे ‘कॅलिब्रेशन’ आहे, म्हणजे सगळे मॅनेजर एकत्र बसून रेटिंगं जुळवतात. टक्केवारी निव्वळ मार्गदर्शक, असं एचआर दर वर्षी सांगते आणि दर वर्षी आकडा बरोबर तेवढाच येतो.

वरच्या रांगेसाठी मी दोन नावं दिली होती. एक ती, दुसरा पेमेंटचा भाग एकट्याने ओढणारा मुलगा. जागा उरली एक. तेव्हा तो दुसरा मॅनेजर, माणूस वाईट नाही, आपल्या टीमसाठी भांडत होता, म्हणाला, ‘हिच्याच मायग्रेशनने नोव्हेंबरात बंद पडलं होतं ना? आणि मॅनेजरला स्वतः येऊन सोडवावं लागलं.’ आणि ओळ वाचली.

मी म्हणालो, ‘रिव्ह्यू माझा होता.’ दोघं हसले, ‘सर फारच विनम्र.’ डायरेक्टर म्हणाले, तुझ्या दोघांतला एक सोड, विषय संपव. त्या क्षणी काय चाललं होतं तेही सांगतो. पेमेंटवाल्याच्या हातात दुसरीकडची ऑफर होती आणि मला ते ठाऊक होतं. तो गेला तर नव्वद दिवसांच्या नोटिशीत त्याची जागा भरणं अशक्य. ती कुठे जाणार नव्हती. निदान तसं मला वाटलं. मी तिचं नाव सोडलं. टॅबबद्दल बोललो असतो तर बैठकीची पाच मिनिटं गेली असती.

निकाल सांगताना ‘कमिटीने ठरवलं’ असं म्हणायचं नाही, निर्णय तुमचाच म्हणून सांगा, अशी एचआरची सूचना असते. एप्रिलमध्ये छोट्या मीटिंग रूममध्ये तसंच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वहीत काहीतरी लिहिलं.

‘रेटिंगचं ठीक आहे सर,’ ती म्हणाली. ‘एक विचारू? त्या दिवशी तुम्ही माझी खुर्ची सरकवली, तेव्हा दुसरा टॅब बघितला होता का?’

‘हो.’

‘अच्छा. मला वाटत होतं, दिसला नसेल.’

मग तिने पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात, स्वतःकडे काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, आणि उरलेली वीस मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

मे महिन्यात मी पोस्टमॉर्टेमची फाइल उघडली. पगारवाढीची पत्रं निघून गेली होती, आता त्यात काही हलत नाही. तरी ११.१८ च्या वर एक ओळ घातली: ‘११.१७ – ऑन-कॉल इंजिनिअरला कारण सापडले. मायग्रेशन रद्द करण्याची आज्ञा तयार.’ ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी ड्यूटीवरची इंजिनिअर, ती. खाली आणखी एक ओळ, पीआर कोणी पास केला त्याची, यावेळी नावानिशी. फाइलमध्ये बदल केला की त्या घटनेशी संबंधित सगळ्यांना आपोआप सूचना जाते. तेवीसही जणांना गेली असणार. कोणी काही म्हणालं नाही. तीही नाही.