नववीतला शास्त्राचा तास

१९७५ च्या जूनमध्ये मी नववीत गेलो आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आणीबाणी लागली. भायखळ्याच्या आमच्या चाळीत मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायची. रविवारी उपासनेनंतर मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक वडीलधारे बायबलचा आधार देत म्हणाले, "रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचा. अधिकारी देवाने नेमलेले असतात. आपण गप्प राहायचं." घरीही तेच ऐकलं.

शाळेत शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला सरांनी तोच अध्याय काढला आणि पुढचे कित्येक आठवडे सोडला नाही.

प्रेषित पौलाने हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलं, तेव्हा रोमच्या गादीवर सम्राट नीरो होता. कर द्या, मान द्या, आणि नुसत्या शिक्षेच्या भीतीने नव्हे तर सद्सद्विवेकबुद्धीसाठीही अधीन राहा, असं पौल सांगतो. सर म्हणायचे, भीतीने मानलेली आज्ञा पौलाला पुरत नाही. आणि ज्याला विवेकाने मानायचं आहे त्याला विचार करावाच लागतो.

मग त्यांनी बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडला. तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या त्यांना. पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि बाहेर न्या. अधिकारी आले आणि त्यांनी विनवण्या केल्या. तेराव्या अध्यायाचा लेखक तो हाच. अधीन राहणारा माणूस अधिकाऱ्याला कायद्याने जाब विचारू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाकावरच्या एकाने विचारलं, "म्हणजे सरकारशी भांडायचं, सर?" सर म्हणाले, "उघडपणे. हात न उचलता. आणि शिक्षा झाली तर ती सोसून."

येशूचा शिष्य पेत्र याचंही तेच. यहूद्यांच्या न्यायसभेपुढे तो म्हणाला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. फटके खाल्ले आणि प्रचार चालू ठेवला. आपल्या पहिल्या पत्रात तोच पेत्र राजाचा मान राखा म्हणतो. एकच वचन उचलून गप्प बसायला सांगणं म्हणजे शास्त्र अर्धं वाचणं, असं मी आजही ठामपणे म्हणतो.

सर आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसांचीही नावं घेत. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्या थांबल्या नाहीत. आणि आमच्या शेजारच्या माझगावचे काका बॅप्टिस्टा! कॅथलिक माणूस, टिळकांचा स्नेही, १९१६ मध्ये होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष.

१९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांचा निकाल वाचला तेव्हा मला सरच आठवले. ती 'यहोवाचे साक्षीदार' पंथाची. राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्यांच्या पंथाची शिकवण मला पटत नाही, मी राष्ट्रगीत मोठ्याने म्हणतो. तरी ती मुलं सरांच्या कसोटीला पुरेपूर उतरली, कारण त्यांनी कुणाचा अपमान केला नाही, काही लपवलं नाही आणि दाद मागितली ती न्यायालयातच.

शाळेच्या महोत्सवानिमित्त तिच्याकडे एकच मागणं आहे. नववीच्या वेळापत्रकात तो तास पुन्हा घ्या, आणि त्याला सगळ्या धर्मांची मुलं बसू द्या, आमच्या वेळी बसत तशी. शिकवायला कुणी नसेल तर मी निवृत्त आहे, आठवड्यातून एकदा येईन.