ग्रिफिन, चार जॅमर आणि वीस सेकंद

"अडकलोय रे, वार्प होत नाहीये," एवढंच मित्र हेडफोनमधून म्हणाला. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये त्याचं वेक्सर हे जहाज दोन फ्रिगेटांनी, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजांनी, धरून ठेवलं होतं, म्हणून त्याला वार्प करून (दूरवर झेप घेऊन) निसटता येत नव्हतं. एक होतं मर्लिन आणि एक रिफ्टर. मी ग्रिफिन, म्हणजे जॅमर लावून शत्रूचे सेन्सर निकामी करणारं जहाज, घेऊन चाळीस किलोमीटरवर उतरलो, दोघांना लॉक केलं (नेम धरला) आणि घाईघाईत चारही जॅमर मर्लिनवर सोडले. मर्लिन जॅम झालं. रिफ्टर मात्र तसंच चिकटून राहिलं, आणि पुढचे वीस सेकंद माझ्या हातात एकही मोकळा जॅमर नव्हता. तेवढ्यात वेक्सर फुटलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा जॅमरची माहिती नीट वाचत बसलो. ईसीएमचा, म्हणजे या जॅमिंगचा, हिशेब तसा सरळ आहे. तुमच्या जॅमरच्या ताकदीला समोरच्या जहाजाच्या सेन्सरच्या ताकदीने भागायचं, की जॅम होण्याची शक्यता निघते. जॅमर ६ आणि सेन्सर १५ असेल तर ४० टक्के. जॅम लागला की समोरच्याचे सगळे लॉक एका क्षणात सुटतात (लॉक नसेल तर कुणाला धरूनही ठेवता येत नाही) आणि ती फेरी संपेपर्यंत त्याला दुसऱ्या कुणालाच लॉक करता येत नाही. अपवाद एकच : जॅम करणाऱ्याला, म्हणजे मला, तो लॉक करू शकतो. फेरी २० सेकंदांची असते आणि निकाल सुरुवातीलाच लागतो. चुकला तर तो जॅमर २० सेकंद अडकला, मधेच थांबवून दुसरीकडे वळवता येत नाही.

माझी खरी चूक रंगांची होती. गेममधल्या चार वंशांच्या जहाजांचे सेन्सर वेगवेगळे असतात : अमारची जहाजं रडारवर चालतात, कॅल्डारीची ग्रॅव्हिमेट्रिकवर, गॅलेंटेची मॅग्नेटोमेट्रिकवर आणि मिनमटारची लॅडारवर. प्रत्येकासाठी वेगळा जॅमर मिळतो, आणि चुकीच्या जातीच्या सेन्सरवर त्याची ताकद खूपच घटते. मर्लिन कॅल्डारी, रिफ्टर मिनमटार. म्हणजे रिफ्टरसाठी माझ्याकडचा एकमेव चांगला जॅमर, लाल लॅडारवाला, मी स्वतःच मर्लिनवर वाया घालवला होता. जॅमरच्या चिन्हांचे रंग लक्षात ठेवले की काम सोपं होतं : अमार पिवळा, कॅल्डारी निळा, गॅलेंटे हिरवा, मिनमटार लाल. जहाजाचं नाव दिसताक्षणी रंग आठवला पाहिजे. त्यासाठी मी कितीतरी संध्याकाळी नुसती जहाजांची यादी वरखाली करत मनातल्या मनात रंग म्हणत बसायचो.

मग सवय बदलली. आधी योग्य रंगाचा एक जॅमर सोडायचा आणि निकाल बघायचा. लागला तर बाकीचे दुसऱ्या जहाजासाठी मोकळे. चुकला तरच दुसरा. एका जॅमरची शक्यता ४० टक्के असेल तर तशाच ताकदीच्या दोघांची मिळून ६४ टक्के होते, १०० कधीच नाही. म्हणून "जॅम लागला" हे निशाण डोळ्यांनी दिसेपर्यंत मित्राला काहीही सांगायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं. शत्रूने आधीच सोडलेले ड्रोन जॅम लागल्यावरही मारा चालूच ठेवतात, तेव्हा लॉक तुटला म्हणजे सगळा धोका टळला असंही नाही.

काही दिवसांनी पुन्हा तोच प्रसंग आला. तेच वेक्सर, आणि योगायोगाने पुन्हा एक मर्लिन आणि एक रिफ्टर. या वेळी मी उतरतानाच मित्राला सांगितलं, "तू आत्ताच स्टेशनकडे तोंड करून वेग घे. मी म्हणालो की लगेच वार्प दाब." जहाज योग्य दिशेने आपल्या कमाल वेगाच्या तीन चतुर्थांशावर असलं की वार्प ताबडतोब लागतो, आणि आमच्याकडे फुकट घालवायला एकही सेकंद नव्हता.

निळा जॅमर मर्लिनवर. लागला. लाल रिफ्टरवर. चुकला. मर्लिनच्या जॅमचे सतरा-अठरा सेकंद उरले होते आणि वेक्सरचं आर्मर वितळत चाललं होतं. दोन्ही जॅम एकाच वेळी चालू नसतील तर एकटं रिफ्टरही त्याला धरून ठेवायला पुरेसं होतं. उरलेले पिवळा आणि हिरवा, दोन्ही रिफ्टरसाठी दुबळे. तरीही पिवळा सोडला. चुकला. हिरवा सोडताना माझं बोट थरथरत होतं.

लागला.

"जा!" मी ओरडलोच. वेक्सर एकदा हललं आणि ओव्हरव्ह्यूमधून, म्हणजे आसपासच्या जहाजांच्या यादीतून, गायब झालं. इकडे रिफ्टर सरळ माझ्या दिशेने वळलं, कारण आता त्याला लॉक करता येईल असा मीच एकटा उरलो होतो. तो मला लॉक करतोय हे सांगणारी पिवळी चौकट त्याच्या चिन्हाभोवती लुकलुकायला लागली तेव्हा ग्रिफिन आधीच दूरच्या ग्रहाकडे वेग घेऊन तयार होतं. मी वार्प दाबला आणि त्याच्या पल्ल्यात यायच्या आत निघून गेलो.

स्टेशनवर पोचलो तर मित्र आधीच डॉकमध्ये होता. आर्मर कधीच संपलं होतं, हल, म्हणजे जहाजाचा सांगाडा, थोडासा शिल्लक. त्याने दुरुस्ती करून घेतली आणि विचारलं, "तो हिरवा कसा काय लागला रे?" मी त्याला भागाकार समजावून सांगायला बसलो, आणि पुढच्या आठवड्यात तोही ग्रिफिन घेऊन आला.