वजनदार

परवा डॉक्टरांकडच्या काट्यानं ब्याण्णव किलो दाखवले. डॉक्टर काहीच बोलले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं. घरी येऊन मी मुलीला म्हटलं, "निसान जीटी-आरचं वजन माहितीये? १७४० किलो!"

२००७ साली या जपानी स्पोर्ट्स कारची आर-३५ नावाची पिढी बाजारात आली, ती त्या वेळच्या पोर्श ९११ टर्बोपेक्षा दीडेकशे किलोंनी जड होती. तरी २००८ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या वीसेक किलोमीटरच्या वळणावळणांच्या ट्रॅकवर तिनं ७ मिनिटं २९ सेकंदांत फेरी मारली. पोर्शवाल्यांना हे काही पटेना. त्यांनी चक्क एक जीटी-आर विकत घेऊन स्वतः पळवून पाहिली आणि आम्हाला पंचवीस सेकंद जास्त लागले, असं जाहीर केलं. शेजारणीची पुरणपोळी आपल्या तव्यावर भाजायची आणि वर नाक मुरडायचं, त्यातलाच प्रकार.

गाडीचे मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो यांचं म्हणणं मला मात्र फार जवळचं वाटतं. ताकद कितीही असो, रस्त्याला टेकतात ते टायरचे तळहाताएवढे चार तुकडे. ते घसरले की चाकं जागच्या जागी गरगरणार. त्यांना दाबून धरतं ते वजन. आता ते ठेवायचं कुठं, ही खरी मेख. म्हणून इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी. ताकद एका शाफ्टनं मागे जाते आणि पुढच्या चाकांच्या वाट्याची दुसऱ्या शाफ्टनं परत पुढे येते. आहे द्राविडी प्राणायाम, पण भार चारही चाकांवर नीट वाटला जातो.

इंजिन ३.८ लिटरचं, त्यात जास्त हवा कोंबणाऱ्या दोन टर्बोंचं. योकोहामाच्या कारखान्यात, धुळीचा कण नसलेल्या खोलीत, प्रत्येक इंजिन एकच कारागीर हातानं जोडायचा. त्याला म्हणतात 'ताकुमी'. सिलिंडरमध्ये बिडाचे लायनर, म्हणजे आतली जाड अस्तरं नाहीत, प्लाझ्मानं (अतितप्त वायूच्या झोतानं) फवारलेला जेमतेम ०.१५ मिलिमीटरचा थर. (म्हणजे वजनाचे गोडवे गाणारे इथे गुपचूप डाएट करत होते.) काम संपलं की इंजिनावर ताकुमीच्या नावाची लहानशी पट्टी लागायची. आमची आजी भांड्यांवर नाव घालून घ्यायची, पण ते मालकाचं. घडवणाऱ्या तांबटाचं नाव कुणी घातलेलं मी पाहिलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत ४८ हजारांच्या आसपास जीटी-आर झाल्या. त्यांची इंजिनं जोडणारे ताकुमी सगळे मिळून नऊ.

मुलीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, पण तिचं इंजिन केवढ्या ताकदीचं होतं?"

"सुरुवातीला ४८० अश्वशक्ती."

"आणि तुला दुसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट लागते."