कोरड्या पिशवीतली ओली बंदूक

“पिशवीत थेंब गेला नाही, कयाक उलटली नाही, तरी बार उडत नाही,” एवढंच सांगून, कयाक म्हणजे चिंचोळ्या वल्ह्याच्या होडीतून आलेल्या गिऱ्हाइकाने पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत आणलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, रायफल माझ्यासमोर ठेवली. मी बंदुका दुरुस्त करतो आणि ठासणीच्या हत्यारांवर माझा विशेष जीव आहे. बार उडत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी घोडा आणि चाप तपासतात. मी आधी नळी बघतो.

“भरलेली आहे का?”

“नसावी.”

या उत्तरावर मी कधीच विसंबत नाही. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या भोकाच्या बोंडावर, ठिणगी पाडणारी टोपी नाही हे पाहिलं, नळीचं तोंड निर्धोक दिशेला केलं आणि गज आत सोडला. तोंडापाशी गजावर खडूने खूण केली, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून धरला. टोक निपलच्या तीन बोटं अलीकडेच थांबलं. दारू आणि गोळी आत बसलेली होती, आणि हा माणूस ती मांडीशेजारी ठेवून वल्हं मारत आला होता. अंगावर काटाच आला.

दारू ओली झाली म्हणजे मेली, असं कधी धरू नये. निपल काढून त्या भोकातून पिचकारीने पाणी भरलं, बराच वेळ तसंच मुरू दिलं. मग गजाला स्क्रू लावला, तोंडासमोरून बाजूला उभं राहून तो शिशाच्या गोळीत फिरवला आणि ओढला. गोळीबरोबर तिच्याभोवती गुंडाळलेली कापडाची चिंधी आली, तिच्यामागून काळा चिखल आणि कुजक्या अंड्यासारखा वास. हा वास ताज्या दारूचा नव्हे, आधीच्या बाराच्या काजळीचा. विचारल्यावर कळलं, आदल्या संध्याकाळी एक बार काढून, नळी न पुसताच त्याने दुसरा ठासला होता.

तिथेच सगळा उलगडा झाला. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. बार उडाला तरी तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे राहतो, आणि ही काजळी हवेतली ओल ओढून घेते. वर याने दमट हवेतच पिशवीचं तोंड गुंडाळून घट्ट बंद केलं आणि ती कयाकच्या तळाशी ठेवली. खालून थंड पाणी, आत कोंडलेली दमट हवा. लोखंडावर दव धरलं. सोरा पाण्यात विरघळतो, त्यामुळे असा बार नंतर वाळवूनही पहिल्यासारखा होत नाही. बाहेरचं पाणी अडवणाऱ्या पिशवीने आतलं पाणीही अडवून ठेवलं होतं.

मी त्याला बसवून घेतलं आणि नीट सांगितलं. कयाकमध्ये बंदूक रिकामीच हवी. टोपी काढली की बंदूक रिकामी, असं अनेक ठिकाणचे शिकारीचे नियम मानतात. बोटीपुरतं तेवढं मला पुरेसं वाटत नाही. नळी धुवून, कोरडी करून, तेलाचा पातळ हात फिरवूनच पिशवीत घालायची, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मुक्कामाला पोचलं की पिशवी लगेच उघडायची. दारू मापून छोट्या झाकणाच्या नळ्यांत, टोप्या वेगळ्या डबीत. लांब नळी कयाकच्या झाकणातून आत जात नाही, ती बसायच्या जागेतच ठेवावी लागते. म्हणून खांद्याचा पट्टा काढून ठेवायचा. कयाक उलटली आणि त्यात पाय अडकला तर बंदुकीची काळजी करायला माणूस उरायचा नाही.

किनाऱ्याला लागल्यावर आधी कयाक वर ओढायची. मग तेल पुसून, रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या उडवून वाट मोकळी करायची आणि मगच ठासायचं. पाऊस असेल तर तोंडावर पातळ टेपचा एकच थर आणि टोपीच्या कडेला मेण. टेप काढायची गरज नसते, गोळीपुढची दाबलेली हवाच ती उडवून देते.

निपल मी नवा बसवला. चिंधी बसली होती तिथे नळीत गंजाचं तांबूस कडं धरलं होतं. ते घासून गेलं, खाली बारीक खड्डे मात्र राहिले. नव्या चिंध्या त्यावर फाटतात का हे बघायचंय, म्हणून चांदमारीवर उडालेल्या चिंध्या गोळा करून आणायला सांगितलंय.