लाइट गेली आणि प्रोसेसर कूलरसकट हातात आला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. कळव्याला खारेगावात एक ताई घरातूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करतात. फोटोग्राफर त्यांच्याकडे हजार-दीड हजार फोटो आणून टाकतात, त्या पानं लावून देतात आणि ती पानं छपाईला लॅबमध्ये जातात. लग्नसराईत त्यांचा कॉम्प्युटर सकाळी सुरू झाला की रात्री बाराशिवाय बंद होत नाही. सकाळी नऊलाच त्यांचा फोन आला. "दादा, एकेका पानाला पाच-पाच मिनिटं घेतोय. आणि पंखा असा ओरडतोय की घरात बोललेलं ऐकू येत नाही. संध्याकाळी सातला अल्बम द्यायचाय हो."

नौपाड्यातून स्कूटर काढली, खाडीपूल ओलांडला आणि साडेदहाला त्यांच्या दारात होतो. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. नुसतं बसलं तरी घामाच्या धारा. मशीन लॉकडाउनच्या वर्षी घेतलेलं, आत एएमडीचा रायझन 5 3600 प्रोसेसर, आणि त्याच्याच खोक्यातून आलेला कूलर, म्हणजे त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा आणि पंखा, वर बसवलेला. तेव्हापासून कुणी उघडलं नव्हतं. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं तर काही काम नसतानाही 61 अंश. ताईंनी एक पान एक्सपोर्टला लावलं आणि मिनिटाच्या आत आकडा 95 ला जाऊन चिकटला. ही या प्रोसेसरची हद्द. तिथे पोचला की जीव वाचवायला तो स्वतःच वेग उतरवतो. मूळ वेग 3.6 गिगाहर्ट्झ, आणि इथे तो तीनच्याही खाली आला होता. पाच मिनिटांचं कोडं तिथेच सुटलं.

धूळ होतीच, पण खरं दुखणं पेस्टचं, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावतात त्या मलमासारख्या थराचं. प्रोसेसरची वरची टोपी आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण दोघांच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे खाचखळगे असतात. एकावर एक ठेवले की त्या खळग्यांत हवा अडकते, आणि हवेइतकी उष्णता अडवणारी दुसरी वस्तू शोधावी लागेल. उष्णता वाहून नेण्याचा हवेचा आकडा 0.026, अॅल्युमिनियमचा 200 च्या आसपास. पेस्टचा चांगल्यात चांगला धरला तरी दहाच्या आगेमागे. म्हणजे पेस्ट धातूच्या पासंगालाही पुरत नाही. ती फक्त त्या खळग्यांतून हवेला हुसकावते, म्हणून ती कमीत कमी लागते आणि ओली असावी लागते. पाच वर्षं रोज तापून-निवून ती सुकते, मग ना हवा हुसकावते ना कूलर सोडते.

लोक मला विचारतात, पेस्ट ठिपक्यासारखी लावायची की फुलीसारखी? काढायची कशी, हे चौदा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. माझ्या मते खरं काम काढण्यातच आहे. या जातीच्या प्रोसेसरला पोटाखाली 1331 पिना असतात, केसासारख्या बारीक. त्या ज्या बैठकीत बसतात त्या सॉकेटची दांडी फक्त पिनांना धरते, वरून दाबणारी चौकट नसते. सुकलेली पेस्ट म्हणजे डिंकच. कूलर सरळ वर ओढला तर दांडी लागलेली असूनही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो. इंटेलने घरगुती प्रोसेसरच्या पिना 2004 पासून सॉकेटमध्ये नेल्या आणि वर लोखंडी चौकट दिली, एएमडीने तेच 2022 मध्ये एएम5 सॉकेटला केलं. पण त्याआधीची मशीन्स ठाण्यात अजून घरोघर चालताहेत.

म्हणून माझा नेम ठरलेला. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम करायची, बंद करायचं, स्क्रू सोडायचे, मग घट्ट झाकण फिरवतात तसा कूलर डावी-उजवीकडे फिरवायचा. सैल झाल्याची हाताला खात्री पटली की उचलायचा. त्या दिवशी मी मशीन बंद करून आधी गॅलरीत नेलं आणि ब्लोअरने धूळ काढली. पाच वर्षांची धूळ, अर्धा-पाऊण तास गेला. परत आणून वायरी जोडल्या, आता गरम करायला सुरू करणार, तोच लाइट गेली.

ताईंच्या यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. खाली चौकशी केली तर चारपर्यंत येणार नाही म्हणाले. साडेबारापर्यंत थांबलो. ताई काही बोलत नव्हत्या, पण सारखं घड्याळाकडे बघत होत्या. माझ्या मनात आलं, मे महिना आहे, खोलीच पस्तीसच्या वर आहे, पेस्ट असेल मऊ. तेवढंच मला चुकलं. पस्तीस अंश माणसाला गरम, पेस्टला नाही. चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे सोडले, कूलर दोनदा फिरवला, हलल्यासारखा वाटला म्हणून उचलला. टक्क असा आवाज झाला. तो आवाज मला अजूनही ऐकू येतो. कूलर उलटा केला तर प्रोसेसर त्याला चिकटून आलेला, सोनेरी पिना माझ्याकडे तोंड करून, आणि एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या पडलेल्या.

लगेच सांगून टाकलं. "ताई, चूक माझी आहे. पिना सरळ झाल्या नाहीत तर प्रोसेसर माझ्या पैशाने आणून बसवेन." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी बघा तरी, होतंय का."

पहिलं काम दोघांना वेगळं करण्याचं. हेअर ड्रायरला लाइट नाही, पण खिडकीत दुपारचं ऊन होतं. पंखा सोडवून बाजूला ठेवला आणि नुसता कूलर कडाप्प्यावर आडवा ठेवला. वीस मिनिटांत अॅल्युमिनियमला हात लावायला नको झालं. ताईंची मुलगी मण्यांच्या माळा करायची, तिच्याकडून तंगूस मागून घेतला. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून तो प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या फटीत घातला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे ओढला. प्रोसेसर ताईंनी कडांनी धरला होता. अर्ध्यात पोचल्यावर तो आपसूक सुटला.

मग पिना. मुलगी दहावीत गेलेली, तिच्या कंपासपेटीत 0.5 ची पेन्सिल होती. शिसं काढून टाकलं की पुढची नळी एका पिनेवर बरोबर बसते. खिडकीशी बसलो, प्रोसेसर डोळ्यासमोर आडवा धरला आणि ओळींच्या मधून बघितलं. आवणी झालेल्या खाचरात बांधावर उभं राहिलं की रोपांच्या मधले पट्टे लांबपर्यंत सरळ दिसतात, तसं. जिथे पट्टा अडतो तिथे पीन वाकलेली. मुलीने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून मोजल्या. "काका, सात आहेत. नाही, आठ. ती मागची थोडीच वाकलीय." नळी पिनेवर घालायची, श्वास धरायचा आणि एकाच बाजूला, एकदाच, हळू उभी करायची. पुढे-मागे केली की बुडाशी मोडते, आणि मोडलेल्या पिनेला घरच्या घरी औषध नाही. आठ पिनांना पाऊण तास लागला. मध्ये दोनदा उठून हात पुसले.

पुसायचं काम त्या मानाने सोपं, पण तिथेही लोक घाई करतात. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल माझ्या बॅगेत कायम असतं. कापूस नको, त्याचे तंतू राहतात, चष्म्याचं कापड बरं. आधी दोन थेंब टाकून मिनिटभर थांबायचं, मग कडेकडून मध्याकडे पुसत यायचं, म्हणजे मळ खाली पिनांकडे जात नाही. करड्या थराखालून प्रोसेसरवरची अक्षरं एकेक करून वर आली तेव्हा मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. पिनांच्या कडेला दोन ठिकाणी लागलेली पेस्ट मऊ ब्रशने, ओळीच्या दिशेने काढली.

दांडी उभी केली, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि प्रोसेसर नुसता ठेवला. दाबायचा नसतोच. तो आपल्या वजनाने सपाट बसला. मी मुलीकडे बघितलं, तीही श्वास रोखून होती. मध्यावर नवी पेस्ट, भिजलेल्या साबुदाण्यापेक्षा जराशी मोठी. पसरायची नाही, कूलरचा दाबच ती पसरवतो. पंखा परत लावला आणि स्क्रू पुन्हा समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळले.

चार वाजून दहा मिनिटांनी लाइट आली. बटण ताईंनी दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि ते पाच-सहा सेकंद फार मोठे होते. मग बोर्डाचं चिन्ह उमटलं. मी आधी रॅम बघितली, कारण पिनेचा संपर्क नीट नसला तर कधीकधी एखादी रॅम पट्टी गायब होते. दोन्ही पट्ट्या जागेवर होत्या. रिकामं असताना 47 अंश. एक्सपोर्ट लावला, 79 वर गेला, 80 वर गेला आणि तिथेच थांबला. वेग चार गिगाहर्ट्झच्या आसपास, पान पावणेदोन मिनिटांत.

शेवटचं पान होईपर्यंत, साडेसहापर्यंत, मी हललो नाही. ताईंनी चहा केला आणि पैसे विचारले. मी नाही म्हटलं. "निदान पेस्टचे तरी घ्या," म्हणून त्यांनी शंभराची नोट बळेच माझ्या खिशात घातली आणि पेन ड्राइव्ह घेऊन त्या जिना उतरल्या. मागे मुलगी पेन्सिलीत शिसं भरत होती. आता गिऱ्हाइकाचा फोन आला की मशीनला काय झालंय ते मी नंतर विचारतो. "तुमच्याकडे आज लाइट जाणार आहे का?" हे आधी.